औषध आणि उपदेश : मिरजेचे डॉ. वानलेस

डॉ. विल्यम जेम्स वानलेस (१८६५–१९३३) हे प्रेस्बिटेरियन पंथाचे ख्रिस्ती धर्मप्रसारक आणि शल्यचिकित्सक. मिरजेचे मिशन हॉस्पिटल त्यांनी उभे केले. सांगलीहून मिरजेकडे जाताना विश्रामबाग ओलांडली की वानलेसवाडी लागते, तिलाही त्यांचेच नाव आहे. धर्म सांगायला आलेल्या माणसाचे नाव एका वसाहतीने घेतले, त्याची विद्या एका शहराने घेतली आणि त्याचा धर्म मात्र फार थोड्यांनी घेतला. या हिशोबात तो धर्मप्रसारक यशस्वी ठरला की अयशस्वी, हे धर्म म्हणजे काय समजायचे यावर अवलंबून आहे. म्हणून वानलेस यांचे चरित्र वैद्यकाच्या इतिहासात जितके बसते, तितकेच धर्मविचारातही बसते.

आडनावाला ‘वाडी’ जोडून नव्या वसाहतीला नाव देण्याची रीत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कृष्णाकाठी चांगली रुजली होती. औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी नांगरांचा कारखाना आणला, ती किर्लोस्करवाडी. कऱ्हाडजवळ ओगले बंधूंच्या काचकारखान्याभोवती ओगलेवाडी वसली आणि तिथला प्रभाकर कंदील घरोघरी गेला. या दोन्ही वाड्यांच्या मुळाशी कारखाना आहे. वानलेसवाडीच्या मुळाशी क्षयरोग आहे. कॅनडात जन्मलेल्या माणसाचे स्कॉटिश वळणाचे आडनाव आणि त्याला मराठी ‘वाडी’, असा हा जोड आहे. तो इतका अंगवळणी पडला आहे की त्यातले परकेपण सांगितल्याशिवाय कोणाच्या लक्षातही येत नाही.

वानलेस आले तेव्हाचा हा प्रदेश एकसंध नव्हता. साताऱ्याचे छत्रपतींचे राज्य १८४८ मध्ये खालसा होऊन तो इंग्रजी जिल्हा झाला होता. त्याच्या दक्षिणेला पटवर्धनांच्या जहागिरी विखुरलेल्या होत्या. मिरज हे त्यांचे मूळ ठाणे. तिथून १८०१ च्या सुमारास चिंतामणराव पटवर्धन वेगळे झाले आणि त्यांनी सांगलीला राजधानी केली. मिरजेच्या पुढे थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन शाखा झाल्या. आज ज्याला सांगली जिल्हा म्हणतात तो स्वातंत्र्यानंतर, १९४९ मध्ये, ‘दक्षिण सातारा’ म्हणून जुळवला गेला आणि १९६० मध्ये त्याला आजचे नाव मिळाले.

ख्रिस्ती मिशनांनीही ही भूमी वाटून घेतली होती. मुंबईत १८१३ पासून काम करणारे अमेरिकन मराठी मिशन अहमदनगरमार्गे साताऱ्याला पोहोचले, तर कोल्हापुरात रॉयल वाइल्डर यांनी १८५२ मध्ये सुरू केलेले काम पुढे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मंडळाकडे गेले. सांगली-मिरजेचा पट्टा या दुसऱ्या मिशनच्या वाट्याला आला. संस्थानात मिशनऱ्याच्या पाठीशी थेट इंग्रजी कलेक्टर नसे. जागा हवी तर दरबाराकडे अर्ज करावा लागे, आणि दरबार गणेशभक्त चित्पावन घराण्याचा. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

तोपर्यंत महाराष्ट्रात धर्मप्रसाराचे मुख्य साधन शब्द हे होते. बाजाराच्या दिवशी चौकात उभे राहून व्याख्यान द्यायचे, पुस्तिका वाटायच्या, शाळेत बायबल शिकवायचे आणि संधी मिळाली की वाद घालायचा. वादाला या भूमीत तोटा नव्हता. मुंबईत १८३१ साली मिशनरी जॉन विल्सन यांच्याशी मोरभट दांडेकरांनी जाहीर वाद केला. १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी समुद्रकिनारी मिशनऱ्यांना आठवड्यामागून आठवडे उत्तरे दिली. या वादांनी मराठी गद्याला धार आली, छापखान्यांना काम मिळाले आणि दोन्ही बाजूंना आपणच जिंकलो असे वाटले. धर्मांतरे मात्र मोजकीच झाली. शास्त्रार्थाची हजार-दोन हजार वर्षांची सवय असलेल्या समाजाला युक्तिवादाने हलवणे कठीण आहे, हे मिशनांच्या ध्यानात आले होते. त्यातून शाळा, अनाथाश्रम आणि दवाखाना यांकडे त्यांचा कल वाढत गेला. अमेरिकन मिशनांच्या बाबतीत वैद्यक आणि उपदेश यांची जोडी जुनीच होती. जॉन स्कडर हे डॉक्टर १८१९ मध्येच श्रीलंकेत पोहोचले होते आणि पुढे त्यांच्या घराण्याने तमिळ प्रांतात तीच परंपरा चालवली.

वानलेस यांचा जन्म कॅनडातील ओंटारिओ प्रांतातला. न्यूयॉर्कमध्ये वैद्यकाची पदवी घेऊन ते १८८९ मध्ये पत्नी मेरी यांच्यासह भारतात आले. सुरुवातीला त्यांचे बिऱ्हाड सांगलीला होते. मराठी शिकणे आणि लहानशा दवाखान्यात रोगी तपासणे असे ते दिवस. १८९२ च्या सुमारास त्यांनी मुक्काम मिरजेला हलवला आणि बाजारपेठेत दवाखाना मांडला. पुण्याहून दक्षिणेकडे उतरणारी रेल्वे मिरजेवरून जात होती, आणि १८९१ मध्ये कोल्हापूरचा फाटाही तिथेच येऊन मिळाला होता. सांगलीला तेव्हा रेल्वे नव्हती. बैलगाडीतून दोन कोस हादरे खात जाणाऱ्या रोग्याच्या आणि आगगाडीतून थेट उतरणाऱ्या रोग्याच्या संख्येत फरक पडणारच. पुढे मिरजेला कर्नाटकातून, कोकणातून आणि निजामाच्या मुलखातूनही रोगी येऊ लागले, त्यात डॉक्टरांच्या हाताच्या गुणाबरोबर या जंक्शनचाही वाटा आहे.

१८९४ मध्ये हॉस्पिटलची इमारत उभी राहिली. जमीन मिरज थोरल्या पातीचे अधिपती गंगाधरराव ऊर्फ बाळासाहेब पटवर्धन यांनी दिली. इमारतीचा पैसा फिलाडेल्फियाच्या जॉन कॉन्व्हर्स यांनी दिला. बाल्डविन या आगगाडीची इंजिने बांधणाऱ्या कारखान्याचे ते एक मालक होते. ब्राह्मण संस्थानिकाची जमीन, अमेरिकन इंजिनवाल्याचा पैसा आणि कॅनेडियन सर्जनचे हात, अशा तीन टोकांनी ही संस्था धरली होती. संस्थानिकाने जमीन देताना बायबल स्वीकारले नव्हते. त्याच्या दृष्टीने हे प्रजेच्या औषधपाण्याचे काम होते आणि औषधाला जात-धर्म विचारण्याचे कारण नव्हते. देणाऱ्याचा हेतू एक, घेणाऱ्याचा दुसरा आणि रोग्याचा तिसरा. पुढच्या सगळ्या वादाची बीजे या पहिल्या व्यवहारातच दिसतात.

मिरजेला आजाराचे शास्त्र अगदीच अपरिचित होते असे नाही. गावात वैद्य होते, हकीम होते. ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेबांच्या दर्ग्यात हिंदू-मुसलमान दोघेही दुखणे घेऊन जात. पटकी आली की मरीआईचा गाडा निघे, देवी आल्या की शीतलादेवीला थंड पाणी घातले जाई, मूल आजारी पडले की जोतिबाला किंवा खंडोबाला नवस बोलला जाई. उणीव होती ती शस्त्रक्रियेची. सुश्रुताची शल्यविद्या वैद्यांच्या पाठांतरात शिल्लक राहिली होती, हातात उरली नव्हती. मोतीबिंदू सुईने आत ढकलणारे फिरते वैदू गावोगाव हिंडत. काही दिवस दिसे, मग डोळा बहुधा कायमचा जाई. अशा मुलखात क्लोरोफॉर्मची गुंगी देऊन, हत्यारे निर्जंतुक करून मोतीबिंदू बाहेर काढणारा किंवा मुतखडा काढून दाखवणारा माणूस आला. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत एक विशेष आहे. तिचा परिणाम समजून घ्यायला तर्क लागत नाही. नातवाचा हात धरून आलेली म्हातारी थोड्या दिवसांनी नातवाचा हात न धरता परत जाते, आणि तिच्या गावात त्यावर वाद होत नाही. चौकातल्या पन्नास व्याख्यानांनी जे साधले नव्हते ते, म्हणजे ऐकून घेण्याची तयारी, एका डोळ्याने साधले.

या तयारीचा मिशनने उपयोग करून घेतला, हे लपवण्यासारखे नाही आणि मिशनरी ते लपवतही नसत. मिशन रुग्णालयांची त्या काळची रीत ठरलेली होती. सकाळी बाह्यरुग्ण विभाग उघडण्यापूर्वी प्रार्थना, वाट पाहणाऱ्या रोग्यांसमोर शुभवर्तमानातील एखादी गोष्ट, वॉर्डात फिरून वाचून दाखवणाऱ्या ‘बायबलबाई’ आणि घरी जाताना हातात एखादी पुस्तिका. वानलेस यांनी १८९८ मध्ये वैद्यकीय मिशनच्या कार्याविषयी इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्यांच्या लेखी दवाखाना आणि धर्मोपदेश हे दोन वेगळे व्यवसाय नव्हते. येशूने आपल्या शिष्यांना रोगी बरे करायला आणि राज्याची वार्ता सांगायला एकाच दमात पाठवले, ही वैद्यकीय मिशनांची मूळ धारणा. त्यातले एक काम केले आणि दुसरे टाळले, तर आज्ञेचे पालन अर्धवट राहते असे ते समजत.

१८९७ मध्ये वानलेस यांनी मिरजेत वैद्यकीय शाळा सुरू केली. मिशनने चालवलेली अशा स्वरूपाची ही भारतातील पहिली शाळा मानली जाते. मुंबईत आणि पुण्यात प्लेगने थैमान घातले होते तेच हे वर्ष, आणि लवकरच प्लेग मिरज-कोल्हापूरच्या बाजूलाही उतरला. मागोमाग (१८९९–१९००) छप्पन्नचा दुष्काळ आला. एका सर्जनच्या हातांनी हे आवरणारे नव्हते. वानलेस यांनी हाताखालच्या भारतीय तरुणांना रीतसर शिकवायला घेतले, त्यात ही गरज होती. पण परिणाम गरजेच्या पलीकडे गेला. या शाळेतून तयार झालेले डॉक्टर देशभरातील मिशन रुग्णालयांत पोहोचले. चाफळला राममंदिर उभारून समर्थ रामदासांनी सातारा, सांगली आणि कोल्हापूरच्या मुलखात अकरा मारुती स्थापले, मठ उघडले आणि त्या मठांवर महंत नेमले, हे या पट्ट्यातल्या माणसाला सांगावे लागत नाही. एक माणूस किती ठिकाणी जाऊ शकेल? त्याने शिष्य घडवले तरच संप्रदाय पसरतो. मिरजेच्या शाळेने घडवलेल्या शिष्यांच्या झोळीत पोथीबरोबर शस्त्रांची पेटी होती, एवढाच फरक. पुढे कोणाची पोथी मागे राहिली आणि पेटी तेवढी पुढे गेली, हा भाग निराळा.

शाळेपेक्षाही खोल परिणाम झाला तो शुश्रूषेच्या कामावर. दुसऱ्याची जखम धुणे, बेडपॅन उचलणे, परपुरुषाच्या अंगाला हात लावणे ही कामे वरच्या जातींच्या स्त्रियांना निषिद्ध होती आणि सुईणपण खालच्या जातींवर सोपवलेले होते. मिशन रुग्णालयांनी याच कामाला प्रशिक्षण, गणवेश आणि पगार दिला. परित्यक्ता, विधवा, दुष्काळात पोरक्या झालेल्या मुली आणि अस्पृश्य मानलेल्या जातींतील ख्रिस्ती कुटुंबांतल्या लेकी या पेशात प्रथम आल्या. एकेकाळी ज्या हातचे पाणी चालत नव्हते, त्या हाताने दिलेले औषध वाड्यांतली माणसे मुकाट्याने पिऊ लागली. आज महाराष्ट्रात कुठल्याही दवाखान्यात, कुठल्याही धर्माच्या परिचारिकेला ‘सिस्टर’ म्हणतात. हा शब्द मुळात मठवासी ख्रिस्ती भगिनींचा. तो धर्म सोडून नुसता कामाबरोबर मराठीत राहिला.

महारोग्यांसाठी मिरजेला वेगळे रुग्णालय झाले. महारोगी हा समाजाने जिवंतपणी मेलेला ठरवलेला माणूस, आणि शुभवर्तमानात येशूने ज्यांना आवर्जून स्पर्श केला त्यांत तोच पहिला. म्हणून मिशनांच्या लेखी या कामाला वेगळे मोल होते. क्षयरोगाची गोष्ट निराळी होती. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागेपर्यंत राजयक्ष्म्यावर औषध असे नव्हतेच. मोकळी हवा, विश्रांती, दूध-अंडी असा सकस आहार आणि गर्दीपासून दूर मुक्काम, एवढाच उपाय. त्यासाठी लागणारे आरोग्यधाम दाट वस्तीच्या मिरजेत चालण्यासारखे नव्हते. सांगली आणि मिरज यांच्या मधला मोकळा माळ त्याला मिळाला. क्षयाचा रोगी आठवड्याने घरी जात नाही, तो महिनोन्‌महिने राहतो. त्याच्याजवळ आई किंवा बायको राहते. परिचारिका, कंपाउंडर, स्वयंपाकी आणि झाडूवाले रोज मिरजेहून चालत येऊ शकत नाहीत, त्यांना तिथेच घरे लागतात. घरे झाली की दूधवाला येतो, किराणा दुकान निघते, चर्च होते, मुलांसाठी शाळा लागते. अशा रीतीने आरोग्यधामाच्या आसऱ्याने वस्ती वाढली आणि तिला वानलेस यांचे नाव मिळाले. कोल्हापूरच्या मेरी वानलेस रुग्णालयाला त्यांच्या पहिल्या पत्नीचे नाव आहे.

गाव कशाभोवती वसते, याची महाराष्ट्रातली उत्तरे ठरलेली आहेत. किल्ल्याभोवती, घाटाच्या तोंडाशी, बाजारपेठेत, नाही तर देवळाभोवती. संतांच्या समाधीभोवती वसलेली गावे तर कितीतरी. आळंदी-देहू राहू द्या, सातारा जिल्ह्यातच गोंदवल्याला ब्रह्मचैतन्य महाराजांमुळे आणि पुसेगावला सेवागिरी महाराजांमुळे आजचे रूप आले. या सर्व ठिकाणी भाविक देवाकडे येतो, आणि त्याची सोय व्हावी म्हणून धर्मशाळा, अन्नछत्र आणि दवाखाना मागाहून येतात. वानलेसवाडीत क्रम उलटा आहे. दवाखाना आधी, देऊळ नंतर.

हा उलटा क्रम धर्माला धरून आहे का, हा प्रश्न वानलेस यांच्या हयातीतच कडाक्याने विचारला गेला. सर्वांत ठळक आक्षेप महात्मा गांधींचा. १९३१ साली ‘यंग इंडिया’त त्यांनी लिहिले त्याचा आशय असा, की शिक्षण आणि वैद्यकीय मदत यांचा उपयोग धर्मांतरासाठी होणार असेल, तर अशा मदतकर्त्यांनी माघारी जावे हेच बरे. एखाद्या ख्रिस्ती डॉक्टरने आपला आजार बरा केला म्हणून आपण धर्म का बदलावा, हा त्यांचा सवाल. हा आक्षेप कामावर नव्हता. सेवा कशासाठी केली जाते यावर होता. सेवेला दुसरे फळ अपेक्षित असेल तर ती सेवा उरत नाही, हा निष्काम कर्माचा विचार त्याच्या तळाशी होता.

गंमत अशी की मिशनच्या घरातूनही थोड्याच काळात असाच सूर निघाला. हार्वर्डचे तत्त्वज्ञ विल्यम अर्नेस्ट हॉकिंग यांच्या अध्यक्षतेखाली अमेरिकन प्रॉटेस्टंट मंडळींनी नेमलेल्या समितीने भारत, चीन आणि जपानमधील मिशनांची पाहणी करून १९३२ मध्ये अहवाल दिला. रुग्णालय आणि शाळा ही उपदेशाची साधने म्हणून न वापरता ती स्वतःच्या गुणांवर, चांगले रुग्णालय आणि चांगली शाळा म्हणून चालावीत, असा त्याचा रोख होता. मिशन मंडळांत त्यावरून वादळ उठले, प्रेस्बिटेरियन मंडळ तर अहवालाच्या धर्मशास्त्रापासून दूरच राहिले. वानलेस यांचे भारतातल्या कामाविषयीचे आठवणीवजा पुस्तक त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. एकाच वर्षातल्या या दोन पुस्तकांमध्ये एका पिढीचे अंतर आहे.

आक्षेपात तथ्य आहे, पण तो वाटतो तितका सरळ नाही. दुखण्याने कासावीस झालेला माणूस देवाकडे वळला तर ती भक्ती खोटी, असे भारतीय परंपरेने कधी मानले नाही. गीतेने भक्तांचे चार प्रकार सांगितले, त्यांत आर्ताला, म्हणजे पीडेने हाक मारणाऱ्याला, जागा दिली आहे. ज्ञानी श्रेष्ठ, पण आर्तही सुकृतीच. मूल बरे व्हावे म्हणून नवस बोलणारी आई देवाशी सौदा करते आणि समाज तिला भाविक म्हणतो. मीरासाहेबांच्या दर्ग्यात गुण आला म्हणून दरसाल उरुसाला जाणारा हिंदू शेतकरी मिरजेच्या आसपास आजही भेटतो. मग मिशन हॉस्पिटलात दृष्टी परत आलेल्या माणसाने येशूला नमस्कार केला तर त्यात निराळे काय घडले?

निराळे घडते ते नमस्काराच्या पुढच्या पायरीवर. नवस फेडणारी बाई जोतिबाच्या डोंगरावरून आपल्याच घरी, आपल्याच भाऊबंदांत परत येते. दर्ग्यात गेलेल्या शेतकऱ्याची सोयरीक मोडत नाही. बाप्तिस्मा घेणाऱ्याची मोडते. त्याला पाणवठा, पंगत, स्मशान आणि लग्नाचे मांडव सगळे नव्याने शोधावे लागतात. वारसाहक्क जाऊ नये म्हणून इंग्रजी मुलखात १८५० मध्ये कायदा करावा लागला, यावरूनच या तुटण्याचे वजन कळते. मराठी धर्मजीवनात देव बदलणे सोपे, किंबहुना देव बदलावा लागतच नाही, आणखी एक मांडता येतो. अवघड आहे ते गोत बदलणे. मिशनच्या धर्मशास्त्रात श्रद्धा ही एकेका माणसाच्या अंतःकरणाची बाब होती आणि तिच्यामागे नवी मंडळी हे ओघानेच येणारे होते. इथे धर्म हे आधी नाते होते आणि मग मत. आर्ताची हाक खरी असली, तरी खाटेवर पडलेल्या माणसाला गोत सोडण्याचा निर्णय करायला लावणे न्याय्य नाही. गांधींच्या आक्षेपाचा टिकणारा भाग हा आहे.

ही गाठ नेमकी ओळखणारा ख्रिस्ती माणूस शेजारच्या साताऱ्यात होऊन गेला. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांचा संसारच काही वर्षे दुभंगला. पत्नी लक्ष्मीबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो १९०० मध्ये. हे तुटणे टिळकांनी घरात भोगले होते. म्हणून शेवटी, १९१७ मध्ये, त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उघडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात एकत्र बसावेत ही कल्पना. भजन आणि कीर्तन ही साधने, तुकोबांची वाट हा येशूकडे जाण्याचा पूल. १९१९ मध्ये टिळक वारले आणि दरबार पुढे टिकला नाही. पण मराठी माणसापर्यंत ख्रिस्त कसा पोहोचेल, याचे एक उत्तर साताऱ्यात कीर्तनाच्या रूपाने आणि दुसरे मिरजेत शस्त्रक्रियेच्या टेबलाच्या रूपाने, जवळजवळ एकाच काळात मांडले जात होते. टिळकांनी उपदेशाची भाषा बदलली. वानलेस यांनी भाषेला वळसा घातला.

सेवेच्या शुद्धतेचा निकष लावायचा तर तो दोन्ही बाजूंना लावावा लागतो. चरकसंहितेने पोटासाठी चिकित्सा विकणाऱ्यापेक्षा भूतदयेने चिकित्सा करणाऱ्याला वरचे स्थान दिले. काशीहून रामेश्वराला नेण्याची कावड तहानेल्या गाढवाच्या तोंडी रिकामी करणारे एकनाथ महाराष्ट्राला पूज्य आहेत, आणि त्यांनी गाढवाला आधी नामस्मरण करायला सांगितले नव्हते. पण याच महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारोग्यासाठी, प्लेगच्या रोग्यासाठी, अस्पृश्य बाळंतिणीसाठी खाट टाकणारे मठ आणि संस्थाने किती होती? आदर्श पोथीत होता, खाट मिशनकडे होती. हेतू मिसळलेला असला तरी कृती घडली, आणि शुद्ध हेतूवाल्यांकडून बराच काळ घडली नाही. पुढे गाडगेबाबांनी कीर्तनाच्या हातात खराटा दिला, रंजल्यागांजल्यांसाठी धर्मशाळा उभारल्या, तेव्हा सेवा हीच पूजा हा विचार इथल्या मातीतून पुन्हा वर आला. त्या जागृतीत मिशनांच्या उदाहरणाने घातलेल्या लाजेचाही भाग होता, असे म्हणायला जागा आहे.

मिरजेपुरते पाहिले तर रोग्यांनीच हा प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवला. सकाळची प्रार्थना त्यांनी ऐकून घेतली, पुस्तिका घेतली, औषध घेतले आणि गुण आल्यावर घरी जाऊन कुलदैवताला नारळ फोडला. मिशनने जे एक म्हणून दिले, ते त्यांनी निवडून घेतले. थोड्या कुटुंबांनी मात्र सगळेच घेतले. मिरज, सांगली आणि कोल्हापूरच्या मराठी ख्रिस्ती मंडळ्या त्यातून वाढल्या. शिक्षक, परिचारिका, डॉक्टर आणि पाळक यांच्या पिढ्या त्यांत झाल्या. १९७० मध्ये वेगवेगळे प्रॉटेस्टंट पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले, तेव्हा प्रेस्बिटेरियन ही जुनी ओळखही त्यात विरली.

वानलेस यांना १९२८ मध्ये ‘सर’ हा किताब मिळाला. त्याच वर्षी सुमारे चार दशकांचे काम आटोपून ते अमेरिकेला परतले आणि १९३३ मध्ये कॅलिफोर्नियात त्यांचे निधन झाले. मिरजेची धुरा त्यांचे सहकारी डॉ. चार्ल्स व्हेल यांनी सांभाळली. तोवर मिरज हे नाव दूरदूरच्या खेड्यांत ‘डॉक्टरांचे गाव’ म्हणून रूढ झाले होते. मिशनच्या भिंतीबाहेर खासगी दवाखाने वाढत गेले, आणि १९६२ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही मिरजेलाच झाले. मीरासाहेबांचा दर्गा आणि सतारी-तंबोरे करणारी घराणी यांच्या जोडीला शहराची ही तिसरी ओळख.

वानलेसवाडीचे मूळ प्रयोजन औषधांनीच संपवले. स्ट्रेप्टोमायसिन आणि पाठोपाठ आलेल्या गोळ्यांनी क्षयाचा रोगी घरी राहून बरा होऊ लागला. मोकळ्या हवेचे महिने मोजत पडून राहण्याची गरज उरली नाही आणि आरोग्यधामाचे छातीच्या विकारांचे रुग्णालय झाले. वस्ती मात्र वाढत राहिली. ज्या माळाची निवड तो दोन्ही गावांपासून दूर म्हणून झाली होती, त्याच्या दोन्ही बाजूंनी सांगली आणि मिरज सरकत आल्या. १९९८ मध्ये सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून महापालिका झाली तेव्हा वानलेसवाडी तिच्या हद्दीतला एक भाग बनली. तिथल्या घरांवर आज गुढ्या उभ्या राहतात, गल्लीत गणपती बसतो, नाताळला चर्चवर चांदणी लागते, आणि पत्ता लिहिताना सगळेच वानलेसवाडी लिहितात.